सर्व्हर कुलपात आहे, पण किल्ली कुणाकडे?

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातले केदारखेडा. समजा, इथला आपल्या समाजातील एक विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला सेवा केंद्रात गेला आहे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पासबुक अशी सगळी कागदपत्रे स्कॅन होतात. मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो मोठ्याने वाचून केंद्रचालकाला सांगितला जातो. कधी कधी ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे उत्तर मिळते आणि दिवसाची मजुरी बुडवून आलेला बाप मुलाला घेऊन परत जातो. अर्ज एकदाचा भरला गेला की पावती हातात पडते.

पण ती कागदपत्रे गेली कुठे? ती कुणाच्या ताब्यात आहेत? उद्या तिथे आग लागली, वीज गेली, कुणी चोरी केली किंवा नोंदीत फेरफार केला, तर या मुलाच्या हातात काय उरते?

या प्रश्नांकडे तांत्रिक म्हणून पाहण्याची चूक आपण करतो, असे आम्हाला वाटते. ज्या समाजाचे शिक्षण, आरक्षण आणि घरकुल एका दाखल्यावर उभे आहे, त्याच्यासाठी तो दाखला कुठे आणि कसा ठेवला जातो हा हक्काचा प्रश्न आहे.

अर्ज पोहोचतो कुठे?

‘क्लाऊड’ या शब्दामुळे माहिती आकाशात तरंगते असा समज होतो. प्रत्यक्षात ती जमिनीवरच्या एखाद्या इमारतीत, लोखंडी रॅकमध्ये बसवलेल्या सर्व्हरच्या डिस्कवर असते. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची मोठी डेटा सेंटर्स दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. आधारची माहिती बंगळुरू आणि मानेसर येथील केंद्रांत राहते. महाराष्ट्र शासनाचेही स्वतःचे स्टेट डेटा सेंटर आहे.

खासगी क्षेत्रात मुंबई आणि नवी मुंबई हा पट्टा देशात सर्वांत पुढे आहे. देशाच्या एकूण डेटा सेंटर क्षमतेचा सुमारे निम्मा वाटा एकट्या या पट्ट्यात आहे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत आणि वीजपुरवठा तुलनेने भरवशाचा आहे, ही त्याची कारणे. ऐरोली, महापे, रबाळे भागात एकेकाळी रसायनांचे कारखाने होते. आज तिथे खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. पनवेलजवळ योट्टा कंपनीचे एनएम-१ हे केंद्र २०२० मध्ये सुरू झाले. त्या एकाच इमारतीत ७,२०० रॅक बसू शकतात. अमेझॉन वेब सर्व्हिसेसने २०३० पर्यंत मुंबई विभागात ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये केली.

बँका, रुग्णालये, विद्यापीठे आणि शासकीय खाती आपले सर्व्हर किंवा आपली माहिती अशा केंद्रांत ठेवतात. तिथे जागा, वीज, थंडावा आणि पहारा मिळतो, त्याचे भाडे द्यावे लागते. बँकेच्या लॉकरसारखा हा व्यवहार आहे. तिजोरी बँकेची, आत काय ठेवायचे ते ग्राहकाचे.

पहारा, वीज, थंडावा

डेटा सेंटरची सुरक्षा फाटकापासून सुरू होते. बाहेर उंच कुंपण, कॅमेरे आणि चोवीस तास पहारेकरी असतात. आत जाणाऱ्याचे नाव आधीपासून यादीत असावे लागते. त्यानंतर ओळखपत्र, बोटाचा ठसा किंवा डोळ्यांची तपासणी होते. अनेक ठिकाणी दोन दारांची छोटी खोली असते. पहिले दार बंद झाल्याशिवाय दुसरे उघडत नाही आणि एका वेळी एकच माणूस आत जाऊ शकतो. त्यामुळे ओळखीच्या माणसाच्या मागोमाग आत घुसता येत नाही. पुढे प्रत्येक ग्राहकाच्या रॅकला वेगळे कुलूप असते. बँका तर आपल्या रॅकभोवती जाळीचा स्वतंत्र पिंजरा करून घेतात. कोण किती वाजता आत गेले आणि कोणता रॅक उघडला, याची नोंद ठेवली जाते.

दुसरी काळजी विजेची. सेवा केंद्रात लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर संगणक चालतो, तेच तत्त्व इथे मोठ्या प्रमाणावर वापरतात. वीज गेली त्या क्षणी यूपीएसच्या बॅटऱ्या भार उचलतात आणि काही सेकंदांत डिझेल जनरेटर सुरू होतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज अचानक गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. नेमक्या अशा दिवसासाठी ही सगळी सोय केलेली असते.

या सोयीचा दर्जा सांगण्यासाठी ‘टियर’ची प्रतवारी वापरतात. तिसऱ्या टियरच्या केंद्रात एखादे यंत्र दुरुस्तीला काढले तरी काम थांबत नाही, कारण त्याच्या जोडीला पर्यायी यंत्र असते. चौथ्या टियरमध्ये यंत्र अचानक बिघडले तरी सेवा चालू राहते. प्रचलित हिशेबाप्रमाणे तिसऱ्या टियरच्या केंद्रात वर्षभरात साधारण दीड तास आणि चौथ्या टियरच्या केंद्रात अर्ध्या तासाहून कमी खंड पडणे अपेक्षित आहे. मग गावात ‘सर्व्हर डाऊन’ दिवसदिवस का ऐकू येतो? कारण बहुतेक वेळा इमारत बंद पडलेली नसते. शेवटच्या तारखेला येणारी गर्दी झेलण्याइतकी तयारी नसते, सॉफ्टवेअर कच्चे असते किंवा गावातले नेटवर्क गेलेले असते. हा फरक कार्यकर्त्यांनी समजून घ्यावा. ‘सर्व्हर डाऊन’ ही नैसर्गिक आपत्ती नाही. त्यामागे कुणाची तरी जबाबदारी असते आणि त्याचा जाब विचारता येतो.

तिसरी काळजी उष्णतेची. हजारो सर्व्हर भट्टीसारखे तापतात. त्यांच्यात शिरणारी हवा साधारण १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, असा संकेत आहे. म्हणून रॅकच्या रांगा समोरासमोर लावून थंड आणि गरम हवेच्या गल्ल्या वेगळ्या करतात. चौथी काळजी आगीची. हवेतला धुराचा बारीकसा अंशही टिपणारी यंत्रे लावलेली असतात आणि आग लागल्यास पाण्याऐवजी विशिष्ट वायू सोडून ती विझवण्याची व्यवस्था असते, कारण पाण्याने सर्व्हरच निकामी होतील.

जुनी डिस्क बदलली तर ती भंगारात देत नाहीत. शक्तिशाली चुंबकाने तिच्यातील माहिती पुसतात किंवा यंत्रात घालून तिचा चुरा करतात. माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असेल तर डिस्क चोरीला गेली तरी किल्लीशिवाय ती वाचता येत नाही.

इतका बंदोबस्त असताना काळजी कशाची?

आग, आणि एकच प्रत

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वर पसरली. पाच जणांचा मृत्यू झाला आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायली जळाल्या. ज्यांची स्कॅन केलेली प्रत होती त्या नोंदी वाचल्या, बाकीच्यांची राख झाली. कागद धोक्याचा आणि संगणक सुरक्षित, असा धडा तेव्हा अनेकांनी घेतला.

तो धडा अर्धाच आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची पाच मजली इमारत जळून खाक झाली. ज्या ग्राहकांनी दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली नव्हती, त्यांची माहिती कायमची गेली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवण्याचे काम सुरू असताना आग लागली आणि सहाशेहून अधिक सरकारी संगणकप्रणाली एका झटक्यात बंद पडल्या. सरकारी कर्मचारी आपल्या फायली ज्या सामायिक जागेत ठेवत होते, तिथला ८५८ टेराबाइट डेटा नष्ट झाला. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही गोष्ट आहे. ज्या बॅटऱ्या वीज गेल्यावर सर्व्हर वाचवण्यासाठी ठेवल्या होत्या, त्यांनीच घात केला.

या तीनही आगींतून एकच गोष्ट शिकायची आहे. माहिती वाचते ती प्रतींमुळे. म्हणून या क्षेत्रात एक साधा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. जबाबदार संस्था आपली पर्यायी प्रत भूकंप आणि पूर यांचा धोका वेगळा असलेल्या शहरात ठेवतात, आणि ती प्रत प्रत्यक्ष उघडते की नाही याची वेळोवेळी चाचणी घेतात. चाचणी न घेतलेला बॅकअप बंद पडलेल्या छत्रीसारखा असतो. पाऊस आल्यावरच त्याची किंमत कळते.

हा नियम आपल्याला नवा नाही

बुद्धवचन शेकडो वर्षे कुठल्याही ग्रंथात नव्हते, भिक्खूंच्या मुखात होते. दीघ निकाय पाठ असणारे भाणक वेगळे, मज्झिम निकायाचे वेगळे. एकच पाठ अनेकांच्या तोंडी असल्याने एक चुकला तर दुसरा दुरुस्त करी. पुढे श्रीलंकेत भीषण दुष्काळ पडला, भिक्खू मृत्युमुखी पडू लागले. महानिद्देस हा ग्रंथ पाठ असलेला एकच भिक्खू तेव्हा उरला होता आणि थेरांनी तो घाईने त्याच्याकडून शिकून घेतला, असे विनयाच्या अट्ठकथेत सांगितले आहे. एकच प्रत उरणे म्हणजे काय, हे संघाने अनुभवले होते. इ.स.पूर्व पहिल्या शतकात, राजा वट्टगामणी अभयाच्या काळात, त्रिपिटक ताडपत्रावर लिहून काढले गेले त्याला ही पार्श्वभूमी आहे.

भोकरदन परिसराचाही या परंपरेशी थेट संबंध आहे. भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या उपासक-उपासिकांचा उल्लेख आढळतो. या भागातल्या माणसांची नावे दोन हजार वर्षे टिकली, कारण ती गावापासून शेकडो मैल दूर दगडावर कोरलेली होती.

आणि जपणूक नसेल तर काय होते, हेही आपण भोगले आहे. १९६७ मध्ये दिल्लीतील २६, अलीपूर रोडवरच्या घरातून सामान बाहेर काढले गेले, तेव्हा बाबासाहेबांचे कितीतरी कागद उघड्यावर पडून पावसात भिजून गेले, हे त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. जे वाचले त्यांतून वसंत मून यांनी अपार कष्टाने संपादन केले आणि १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने प्रकाशित करायला सुरुवात केली. जे भिजले त्यांत काय होते, ते आता कुणीही सांगू शकणार नाही.

सुरक्षा म्हणजे तीन गोष्टी

डेटा सुरक्षित आहे असे म्हणण्यासाठी तीन गोष्टी लागतात. एक, तो भलत्याच्या हाती पडू नये. दोन, त्यात कुणी परस्पर बदल करू नये. तीन, ज्याचा आहे त्याला हवा तेव्हा मिळावा.

पहिल्या गोष्टीसाठी दिल्लीच्या एम्सचे उदाहरण पाहावे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथल्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि माहिती कुलूपबंद करण्यात आली. पुढचे बरेच दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. कुणी भिंत फोडली नव्हती की कुलूप तोडले नव्हते. नेटवर्कचे विभाग नीट वेगळे केलेले नव्हते, त्यामुळे हल्लेखोराला आत फिरता आले, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. इमारतीचा पहारेकरी असा चोर अडवू शकत नाही, कारण तो पासवर्ड आणि सॉफ्टवेअरमधल्या फटीतून येतो.

डेटा सेंटरच्या करारात ही विभागणी स्पष्ट असते. इमारत, वीज, थंडावा, दार ही केंद्राची जबाबदारी. सर्व्हरमध्ये कोणते सॉफ्टवेअर आहे, पासवर्ड कुणाकडे आहे, कोणत्या कर्मचाऱ्याला काय दिसते ही ग्राहकाची, म्हणजे त्या बँकेची, कॉलेजची किंवा शासकीय खात्याची जबाबदारी. नवी मुंबईत दोन दारांची खोली ओलांडताना बोटाचा ठसा द्यावा लागतो आणि त्याच माहितीपर्यंत पोहोचणारा पासवर्ड एखाद्या कार्यालयात टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला असतो, अशी आपल्याकडची गत आहे.

दुसरी गोष्ट फेरफाराची. दाखल्यावरचे एक अक्षर चुकले तरी जात पडताळणीत वर्षे जातात, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे. कागदावरची खाडाखोड डोळ्यांना दिसते, संगणकातली दिसत नाही. म्हणून कोणी, कधी, काय बदलले याची नोंद म्हणजे ‘लॉग’ महत्त्वाचा. सायबर सुरक्षेसाठीची केंद्रीय यंत्रणा सर्ट-इनने एप्रिल २०२२ च्या आदेशाने असे लॉग १८० दिवस ठेवणे आणि सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवणे बंधनकारक केले. फेरफाराचा प्रश्न किती गंभीर असू शकतो, हे भीमा-कोरेगाव प्रकरणात दिसते. त्यातील आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून फायली घुसवल्या गेल्या, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेने तो नाकारला आहे. निर्णय न्यायालय देईल. पण संगणकात सापडली म्हणून फाइल त्याच माणसाची असे गृहीत धरता येते का, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

तिसरी गोष्ट उपलब्धतेची. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत देशभर घरोघरी जाऊन जातीची माहिती गोळा केली गेली. जातींची ती आकडेवारी आजवर प्रसिद्ध झाली नाही. कुलपात आहे, पण ज्यांची आहे त्यांना मिळत नाही, अशा माहितीला सुरक्षित म्हणावे का? लोकांच्या दृष्टीने ती जळाल्यासारखीच आहे.

एकाच प्रतीवर टांगलेला हक्क

जालना जिल्ह्याला जुन्या नोंदीची ताकद वेगळी समजावून सांगायला नको. अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मराठवाड्यातील निझामकालीन कागदपत्रे, मोडी आणि उर्दूतल्या नोंदी शोधून त्यांचे स्कॅनिंग सुरू झाले. त्या राजकारणावर मतभेद आहेत आणि राहतील. पण एक गोष्ट सर्वांसमोर आली. ज्याची जुनी नोंद सापडते त्याचा दावा उभा राहतो.

आपल्या समाजाची स्थिती काय? अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. त्या काळी आपल्यातल्या किती जणांकडे जमीन होती? किती मुले शाळेत गेली? पुरावा असलाच तर गावच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात आजोबांच्या नावाची एक ओळ, नाहीतर महसुली दप्तरातली एखादी नोंद. ते रजिस्टर जुन्या कपाटात, गळक्या छताखाली असते. वाळवी लागली, पाणी शिरले, की एका घराच्या तीन पिढ्यांचा पुरावा संपला. नवी मुंबईतल्या चौथ्या टियरच्या इमारतीचा त्याला काही उपयोग नाही, कारण तो कागद तिथवर पोहोचलेलाच नसतो. केदारखेड्यासारख्या प्रत्येक गावात असा एक-प्रती खजिना आहे आणि त्याला पहारेकरी नाही.

कायदा काय देतो, काय घेतो

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्याने आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, पुसून घेण्याचा आणि तक्रार करण्याचा हक्क मिळतो. माहिती फुटली तर ती ज्याची आहे त्याला कळवावे लागेल. सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र तीन बाबींवर आपले लक्ष हवे. पहिली बाब जातीची. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात जात-जमातीची माहिती ‘संवेदनशील’ मानली होती, तिला अधिक संरक्षण होते. २०२३ च्या कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच उरला नाही. कायद्याच्या नजरेत आपली जात आणि आपला ईमेल पत्ता यांत आता फरक नाही. ज्या देशात जात कळल्यावर खोली भाड्याने मिळत नाही, वसतिगृहात टोमणे सुरू होतात, तिथे हा फरक पुसणे साधी गोष्ट नाही.

दुसरी बाब शासनाची. दाखला, परवाना, शिष्यवृत्ती अशा कामांसाठी शासन वेगळ्या संमतीशिवाय माहिती वापरू शकते. काही शासकीय यंत्रणांना कायद्यातून पूर्ण सूट देण्याचा अधिकारही केंद्राकडे आहे. आपली सर्वाधिक माहिती ज्याच्याकडे आहे, त्यालाच सर्वाधिक मोकळीक आहे.

तिसरी बाब माहिती अधिकाराची. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल झाला. वैयक्तिक माहिती नाकारण्याची सबब त्यामुळे अधिक रुंद झाली. घरकुलाची यादी, शिष्यवृत्तीची रक्कम, निधीचा खर्च यांचा माग काढणाऱ्या कार्यकर्त्यांना याचा फटका बसू शकतो. आमच्या घरात डोकावायला दार उघडे आणि आम्ही कार्यालयात डोकावू म्हटले तर दार बंद, अशी उलटी सुरक्षा आपल्याला नको.

समोर २०२७ ची जनगणना आहे. ती प्रथमच डिजिटल पद्धतीने होत आहे आणि १९३१ नंतर प्रथमच जनगणनेत सर्व जातींची नोंद घेतली जाणार आहे. जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ नुसार व्यक्तीची माहिती गोपनीय राहते, ती न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म बौद्ध नोंदवला. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. म्हणून धर्माच्या आणि जातीच्या रकान्यात आपण सांगितले तेच प्रगणकाच्या मोबाइलवर लिहिले गेले का, हे तिथेच पाहून घ्यायला हवे. पुढे डेटा सेंटर कितीही भक्कम असले तरी ते चुकीची नोंदही तितक्याच भक्कमपणे जपते.

आता आपण काय करायचे?

ओटीपी मोठ्याने सांगू नका, स्वतः टाका. अर्जाचा पासवर्ड केंद्रचालकाने ठरवला असेल तर घरी येऊन बदला. काम झाल्यावर केंद्रातल्या संगणकावर राहिलेली आपली स्कॅन केलेली कागदपत्रे समोर पुसून घ्या. जिथे चालते तिथे आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या. आधारचे बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवता येते, ते लावा, म्हणजे बोटाच्या ठशाने खात्यातून परस्पर पैसे काढले जाणार नाहीत. फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा.

प्रत्येक घराने महत्त्वाच्या कागदपत्रांच्या तीन प्रती ठेवाव्यात. मूळ कागद प्लास्टिकच्या फायलीत घरी, दुसरी प्रत डिजिलॉकर किंवा ईमेलमध्ये, तिसरी दुसऱ्या गावच्या विश्वासू नातेवाइकाकडे.

कार्यकर्त्यांनी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपकडेही पाहावे. मदतीच्या हेतूने लाभार्थ्यांच्या आधार क्रमांकासह याद्या, विद्यार्थ्यांचे दाखले, पीडित कुटुंबांचे पत्ते आपणच सर्रास पुढे पाठवतो. अत्याचारग्रस्त कुटुंबाचा पत्ता चुकीच्या हाती पडला तर त्याचे मोल पैशांत मोजता येत नाही. विहारातील विवाह नोंदवही, सभासद यादी, वर्गणीचा हिशेब यांचीही स्कॅन प्रत करा आणि ती कोण उघडू शकते हे बैठकीत ठरवा.

गावपातळीवरचे सर्वांत मोठे काम जुन्या नोंदींचे. शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि तहसील कार्यालयाला लेखी विनंती करून १९५० पूर्वीच्या रजिस्टरांचे स्कॅनिंग कधी होणार, हे विचारा. ग्रामसभेत तसा ठराव मांडा. आपापल्या घराशी संबंधित नोंदीची प्रमाणित प्रत आजच काढून ठेवा, मुलाचा प्रवेश अडल्यावर धावपळ करू नका. शासकीय पोर्टलबाबत माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारता येतात: सुरक्षा तपासणी शेवटची कधी झाली? पर्यायी प्रत वेगळ्या शहरात आहे का? मागच्या वर्षी सेवा किती तास बंद होती? हे कुणाच्या खासगी माहितीचे प्रश्न नाहीत, त्यामुळे ती सबब इथे लागू होत नाही.

शेवटचे सांगणे तरुणांना. डेटा सेंटरमध्ये फक्त संगणक अभियंते लागतात असे नाही. वीज, जनरेटर, वातानुकूलन, अग्निसुरक्षा, केबल जोडणी ही तिथली रोजची कामे आहेत आणि आयटीआय, पदविका झालेली मुले ती शिकू शकतात. नेटवर्क आणि सायबर सुरक्षेचे शिक्षण घेतलेला एखादा मुलगा किंवा मुलगी तालुक्यात असेल, तर आपल्या संघटनेने तिला व्यासपीठावर बोलवावे. शासन-प्रशासनाच्या जागा काबीज करण्याची भाषा आपण करतो. आजचे दप्तर सर्व्हरवर आहे, त्यामुळे त्या खोलीतही आपली माणसे असायला हवीत.

केदारखेड्याच्या त्या विद्यार्थ्याचा अर्ज आज कुठल्यातरी रॅकमध्ये, गार हवेत, कॅमेऱ्यांच्या पहाऱ्यात असेल. त्याच्या आजोबांच्या नावाची ती एक ओळ मात्र अजून गावातल्या कपाटातच आहे. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर दोन-चार जणांनी यादी करायला बसावे: कुणाच्या घरी कोणता जुना कागद आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!